कॅमेरा-रेकॉर्डरची पत्रिका जुळेना? टेन्शन नॉट!

पार्किंगमधला कॅमेरा एका कंपनीचा, केबिनमधला डबा भलत्याच कंपनीचा आणि स्क्रीनवर नुसता काळोख. डीलर म्हणतो, 'सगळंच बदलून टाका!' पण थांबा. खिशाला भोक पाडण्याआधी एक रविवार काढा. बहुतेक वेळा घटस्फोटाची गरज नसते, थोडं समुपदेशन पुरतं.

रात्री पार्किंगमधून कोणाची तरी बाइक जाते. नुकतीच घेतलेली, ईएमआय अजून चालू असलेली. सकाळी अर्धी सोसायटी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये जमते. 'फूटेज काढा, फूटेज!' माउस इकडून तिकडे फिरतो. जिन्याचा कॅमेरा मस्त, क्लब हाऊसचा कॅमेरा एकदम एचडी. आणि गेटचा? रात्री साडेसातनंतर पूर्ण काळा. तोही फक्त कालच नाही, गेले दोन महिने रोज!

असे किस्से पुण्यापासून ठाण्यापर्यंत हव्या त्या सोसायटीत ऐकायला मिळतात. गंमत म्हणजे कॅमेरा चालू असतो, रेकॉर्डरही चालू असतो. फक्त त्या दोघांचं आपसात बोलणं झालेलं नसतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

असं होतं कसं? पहिले आठ कॅमेरे बिल्डरने दिलेले असतात. दोन कोणीतरी ऑनलाइन सेलमध्ये उचलतो. एक लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून येतो, 'आपल्या ओळखीतला आहे' म्हणून. मग या वरातीला एकाच रेकॉर्डरच्या मांडवात बसवायचं काम कोणाकडे येतं? तुमच्याकडे! 'तू आयटीत आहेस ना? बघ ना जरा.' तुम्ही एचआरमध्ये असा नाहीतर अकाउंट्समध्ये, त्याने काही फरक पडत नाही. गळ्यात लॅपटॉपची बॅग दिसली की झालं.

घरीही तोच सीन असतो. आई-बाबा गावी एकटे, म्हणून तिथे दोन कॅमेरे लावलेत. किंवा दोघंही नोकरीला आणि छोटी घरी मावशींजवळ. अशा वेळी कॅमेरा म्हणजे नुसतं गॅजेट राहत नाही, ऑफिसात डोकं शांत ठेवणारी गोष्ट होते. म्हणूनच ही पत्रिका नीट जुळवायला हवी.

आधी गोत्र विचारा

पहिला प्रश्न कंपनीचा नाहीच. कॅमेरा अ‍ॅनालॉग आहे की आयपी? ओळखायला सोपं आहे. केबलच्या टोकाला पिळून बसवायचा गोल धातूचा बीएनसी कनेक्टर असेल तर अ‍ॅनालॉग. इंटरनेटच्या वायरीसारखा चौकोनी प्लग असेल तर आयपी. अ‍ॅनालॉग कॅमेरा डीव्हीआरला जातो, आयपी कॅमेरा एनव्हीआरला. अ‍ॅनालॉग कॅमेरा थेट एनव्हीआरला लागत नाही. उलटं मात्र होऊ शकतं. आजचे बरेच हायब्रिड डीव्हीआर काही आयपी कॅमेरेही सांभाळतात. फक्त त्यासाठी मेन्यूत जाऊन आयपी चॅनल सुरू करावे लागतात, आणि काही मॉडेलमध्ये त्या बदल्यात अ‍ॅनालॉग चॅनल बंद करावे लागतात.

अ‍ॅनालॉगवाल्यांच्या चार बोली

'अ‍ॅनालॉग आहे ना, मग वायर जोडली की झालं!' इथेच लोच्या होतो. एकाच कोअ‍ॅक्स केबलमधून चित्र पाठवण्याच्या चार पद्धती आहेत: टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी आणि जुनीपुराणी सीव्हीबीएस. सीव्हीआय ही दाहुआची देणगी, टीव्हीआय हिकव्हिजनने लोकप्रिय केलं आणि एएचडी कोरियातून आलं. तिघांची बोली वेगळी. जुना डीव्हीआर यातली एकच समजत असेल, तर दुसऱ्या बोलीतला कॅमेरा लावल्यावर स्क्रीन काळी दिसते, चित्र फाटतं किंवा रंग गायब होतो.

गुड न्यूज अशी, की आजकालचे बरेच कॅमेरे चारही बोली बोलतात. कॅमेऱ्याच्या केबलवर एक छोटा जॉयस्टिक असतो किंवा रबरी झाकणाखाली बारीक स्विच असतात. कोणत्या दिशेला किती सेकंद दाबायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. बदल झाला की चित्र टुणकन येतं! नवे डीव्हीआरही चारही बोली आपणहून ओळखतात.

दुसरी गोष्ट मेगापिक्सेलची. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा आणि डीव्हीआर २ मेगापिक्सेलपर्यंतच झेपणारा, तर तोही अबोला धरतो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत रिझोल्यूशन खाली आणता येत असेल तर आणा. नाहीतर तो कॅमेरा या डीव्हीआरसाठी नाहीच.

रात्री रुसणारा कॅमेरा

आता आपल्या गेटच्या कॅमेऱ्याकडे येऊ. दिवसा ठणठणीत आणि अंधार पडला की गुल! यात बऱ्याचदा ब्रँडचा काही दोष नसतो, उपाशीपोटी काम करायला लावल्याचा असतो. अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. केबिनमधल्या एसएमपीएसमधून १२ व्होल्ट निघतात खरे, पण लांबलचक बारीक वायरीतून गेटपर्यंत जाताना त्यातले काही वाटेतच गळतात. दिवसा तेवढ्यावर भागतं. रात्री भूक वाढते, व्होल्टेज आणखी पडतं आणि कॅमेरा बंद पडतो किंवा सारखा रीस्टार्ट होत राहतो.

तपासायची ट्रिक एकदम सोपी आहे. भर दुपारी कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड धरा. त्याला वाटेल रात्र झाली, एलईडी लागतील. आता चित्र गेलं, तर चोर सापडला! कॅमेऱ्याजवळ वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावून बघा. एकाच एसएमपीएसवर नंतरचे कॅमेरे लटकवले असतील, तर प्रत्येकावर लिहिलेले अ‍ॅम्पिअर जोडा. बेरीज एसएमपीएसच्या आकड्याच्या जवळ गेली असेल तर मोठा एसएमपीएस घ्या. सगळी सिस्टिम बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

आयपीवाल्यांची कॉमन भाषा

आयपी कॅमेरे म्हणजे छोटे कॉम्प्युटरच. प्रत्येक कंपनीची स्वतःची भाषा असते, त्यामुळे हिकव्हिजनचा कॅमेरा दाहुआच्या एनव्हीआरला किंवा सीपी प्लसच्या डब्याला लावला की दोघं एकमेकांकडे बघत बसतात. यावर उतारा म्हणून अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ मध्ये एकत्र येऊन एक कॉमन भाषा आणली. तिचं नाव ऑनव्हिफ. आज बहुतेक सगळ्या नामवंत कंपन्यांच्या आयपी कॅमेऱ्यांना ती येते.

येते, पण बोलतात का? इथेच निम्म्या लोकांची गाडी अडते. सुरक्षेसाठी काही कंपन्या ऑनव्हिफ बंद ठेवूनच कॅमेरा विकतात. हिकव्हिजनच्या नव्या कॅमेऱ्यांत नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं, शिवाय ऑनव्हिफसाठी वेगळा युजर आणि पासवर्ड बनवावा लागतो. तुम्ही बिचारे अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकत बसता आणि एनव्हीआर 'चुकीचा पासवर्ड' म्हणत बसतो. टॅपोच्या वायफाय कॅमेऱ्यांतही हीच गोम आहे. मोबाइल अ‍ॅपमध्ये जाऊन 'कॅमेरा अकाउंट' वेगळं तयार करावं लागतं. अ‍ॅपच्या लॉगिनने रेकॉर्डर जोडला जात नाही. त्यांचा ऑनव्हिफ पोर्टही २०२० आहे, तर बाकी बऱ्याच कंपन्यांत तो ८० असतो. रेकॉर्डरमध्ये हा आकडा चुकला की संपलं.

रेकॉर्डरच्या बाजूनेही एक क्लिक लागते. कॅमेरा अ‍ॅड करताना 'प्रोटोकॉल'च्या रकान्यात एनव्हीआर आपल्याच कंपनीचं नाव टाकून बसतो. तिथे ऑनव्हिफ निवडायचं.

आणि हो, बॅटरीवर चालणारे बरेच वायफाय कॅमेरे, तसंच काही स्वस्त मॉडेल ही भाषा बोलतच नाहीत. ती फक्त आपल्या अ‍ॅपशी एकनिष्ठ असतात. त्यांच्यावर रविवार वाया घालवू नका.

पत्ता बरोबर आहे ना?

भाषा जुळली तरी पत्ता चुकला तर भेट कशी व्हायची? नेटवर्कवर प्रत्येक कॅमेऱ्याला एक आयपी अ‍ॅड्रेस असतो. हिकव्हिजनचा कॅमेरा बॉक्समधून बहुतेकदा १९२.१६८.१.६४ घेऊन येतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. तुमचं नेटवर्क १९२.१६८.० वर चालत असेल, तर कॅमेरा शेजारच्या गल्लीत उभा आहे असं समजा. आणि एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे तसेच जोडलेत, तर दोघांचा पत्ता एकच होतो आणि आलटून पालटून दोघंही गायब होतात. एकेक जोडा, पत्ता बदला, मगच दुसरा जोडा.

आणखी एक खोच. ज्या एनव्हीआरच्या मागे पीओई पोर्ट असतात, त्या पोर्टांचं आत वेगळंच नेटवर्क असतं. हिकव्हिजनमध्ये ते साधारणपणे १९२.१६८.२५४ ने सुरू होतं, दाहुआमध्ये १०.१.१ ने. स्वतःच्या कंपनीच्या कॅमेऱ्याला एनव्हीआर आपणहून पत्ता देतो. परका कॅमेरा आपला जुना पत्ता सोडत नाही. अशा वेळी कॅमेरा आधी लॅपटॉपला जोडून डीएचसीपीवर ठेवा. नाहीतर त्याला पीओई पोर्टात न घुसवता बाहेरच्या पीओई स्विचवर लावा. सोसायटीसाठी दुसरा मार्ग जास्त बिनबोभाट. स्विच घेताना मात्र ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असं लिहिलेला घ्या. पहिला प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देतो, दुसरा ३० वॉट. आणि केबल एका दमात १०० मीटरपेक्षा लांब नको.

घड्याळ लावलंत का?

ही सगळ्यात भन्नाट गोष्ट. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर, ऑनव्हिफ चालू, तरी रेकॉर्डर आत घेत नाही! मग कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. ऑनव्हिफच्या लॉगिनमध्ये पासवर्डसोबत वेळही गुंफलेली असते. कॅमेरा अजून १९७० सालात किंवा चीनच्या वेळेत वावरत असेल, तर तो बरोबर पासवर्डही नाकारू शकतो. दोन्हीकडे टाइम झोन साडेपाच तास पुढे ठेवा, एकच टाइम सर्व्हर द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. दहा वेळा पासवर्ड मारत बसू नका. बरेच कॅमेरे काही चुकीच्या प्रयत्नांनंतर तुम्हाला थोडा वेळ बाहेरच ठेवतात. मग बरोबर पासवर्डही चालत नाही आणि डोक्याला शॉट!

जोडला गेला, पण चित्र नाही

'ऑनलाइन' असं हिरवं दिसतंय, पण चौकोन काळा. आता गडबड कोडेकची. व्हिडिओ दाबून छोटा करण्याच्या दोन मुख्य पद्धती म्हणजे एच.२६४ आणि एच.२६५. त्यावर कंपन्यांनी एच.२६५+ किंवा 'स्मार्ट कोडेक' अशा खास घरगुती रेसिपी बनवल्यात. त्या परक्या रेकॉर्डरला पचत नाहीत. कधी चित्र अडखळतं, कधी प्लेबॅक उड्या मारतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'प्लस' आणि 'स्मार्ट' बंद करा. रेकॉर्डर जुना असेल तर सरळ एच.२६४ वर या.

कॅमेरा बिघडलाय की रेकॉर्डर, हे ठरवायला लॅपटॉपवरचा फुकटातला व्हीएलसी प्लेअर मस्त कामी येतो. 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाका. तो कंपनीच्या मदतपानावर मिळतो आणि पोर्ट बहुधा ५५४ असतो. व्हीएलसीमध्ये चित्र आलं तर कॅमेरा निर्दोष, दोष रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये. नाही आलं तर कॅमेरा किंवा वायर पकडा.

दिसतंय म्हणजे साठतंय असं नाही!

हा मुद्दा लाल पेनाने अधोरेखित करा. लाइव्ह चित्र दिसलं की आपण टाळ्या वाजवून घरी जातो. पण बरेच रेकॉर्डर 'हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर' या मोडवर असतात. ही हालचालीची खबर कॅमेऱ्याने रेकॉर्डरला द्यायची असते, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडीत नेमकी तीच खबर वाटेत हरवते. परिणाम? लाइव्ह झकास, रेकॉर्डिंग शून्य. चोरी झाल्यावरच ते कळतं.

म्हणून मिक्स जोडीत आधी चोवीस तास सलग रेकॉर्डिंग लावा. हार्ड डिस्कचं गणित कठीण नाही. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने चालला तर दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. असे चार कॅमेरे असतील तर १ टीबीची डिस्क सहा दिवसांच्या आतच भरते. बिटरेट निम्मा केला की दिवस दुप्पट. आठवड्याने सुट्टीवरून परतल्यावर चोरी लक्षात येणार असेल, तर सहा दिवसांचं रेकॉर्डिंग काय कामाचं? आकडा आधीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं काढून प्रत्येक कॅमेऱ्याचं रात्री दोनचं आणि दुपारी दोनचं रेकॉर्डिंग प्ले करून बघा. पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच. मेंटेनन्सचा चेक देताना जशी आठवण होते, तशी.

चौकट १ : लक्षण बघा, औषध घ्या

* 'नो व्हिडिओ' (अ‍ॅनालॉग) : चालू असलेल्या कॅमेऱ्याची वायर या चॅनलला लावून बघा. चित्र आलं तर चॅनल ठीक, मग कॅमेऱ्याची बोली, बीएनसी आणि पॉवर तपासा.
* चित्र काळं-पांढरं किंवा फाटलेलं : टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडीचं सेटिंग बदला.
* रात्रीच गायब : व्होल्टेज आणि एसएमपीएस.
* 'नेटवर्क अनरीचेबल' : केबल, पीओई, आयपी पत्ता.
* 'पासवर्ड चुकीचा' : ऑनव्हिफ युजर, घड्याळ, मग लॉकआउट.
* ऑनलाइन पण काळं : कोडेक, 'प्लस' मोड, रिझोल्यूशन.
* सगळे कॅमेरे अडखळतात : रेकॉर्डरची इनकमिंग बँडविड्थ संपली. बिटरेट कमी करा.

चौकट २ : फूटेज कोर्टात टिकेल?

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातला उमेदवारी अर्ज मुदतीत भरला गेला का, हा वाद थेट सुप्रीम कोर्टात पोहोचला. निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग त्यात कळीचा पुरावा होतं. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या खटल्यात कोर्टाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं, की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. तुमच्यासाठी धडा असा : रेकॉर्डरची तारीख-वेळ बरोबर ठेवा, घटनेनंतर फूटेज लगेच पेनड्राइव्हवर काढा, आणि पोलिस येईपर्यंत डिस्क ओव्हरराइट होऊ देऊ नका.

जुगाड करा, पण दार उघडं ठेवू नका

जोडाजोडीच्या नादात लोक हमखास एक गोष्ट करतात. 'सोपं पडतं' म्हणून सगळीकडे एकच पासवर्ड, तोही १२३४५ छापाचा. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरने असेच कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांसाठी बंद पडल्या. तुमच्या पार्किंगचा कॅमेरा अशा फौजेत भरती व्हायला नको ना? ऑनव्हिफचा पासवर्ड वेगळा आणि दणकट ठेवा, फर्मवेअर अपडेट करा आणि कोणी सांगितलं तरी राउटरवर पोर्ट सरसकट उघडू नका.

आणि कॅमेऱ्याचं तोंड शेजारच्यांच्या दारात नको. सिक्युरिटी आपली, प्रायव्हसी त्यांचीही!

हार कधी मानायची?

जुना एकबोली डीव्हीआर, अपडेट बंद झालेला कॅमेरा किंवा फक्त अ‍ॅपशी बोलणारा वायफाय डबा, यांच्यावर पैसे आणि वेळ घालवू नका. नवं घेताना खोक्यावरच्या 'ऑनव्हिफ सपोर्टेड' या शब्दांवर भाळू नका. ऑनव्हिफच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त मॉडेल्सची यादी आहे, तिथे मॉडेल नंबर शोधा. प्रोफाइल एस म्हणजे साधं स्ट्रीमिंग, टी म्हणजे एच.२६५ आणि हालचालीच्या खबरांसकट, जी म्हणजे रेकॉर्डिंग. नवा कॅमेरा टी प्रोफाइलचाच घ्या. शिवाय ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या कसोट्या लागू झाल्या आहेत. तेव्हा 'बिल नको असेल तर स्वस्तात देतो'वाल्या मालाला लांबूनच नमस्कार!

आणि डीलरला एकच अट घाला : 'आधी आमच्या रेकॉर्डरवर लावून दाखवा, दुसऱ्या दिवशी रात्रीचं रेकॉर्डिंग बघतो, मग पैसे.' जो तयार होतो, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा. पुढच्या वेळी 'तू आयटीत आहेस ना' म्हणत कोणी आलं, की तोच नंबर फॉरवर्ड करा आणि रविवारची झोप पूर्ण करा!